आजोबांना आणायला शिरूर कासारला

मे महिन्यात माणसं महाबळेश्वरला जातात, गेला बाजार कोकणात आंबे खायला जातात. आम्ही मायलेकी बीड जिल्ह्यात गेलो, आणि तेही डिकीत एक रिकामी पत्र्याची ट्रंक घालून. परत आल्यापासून जो भेटतो तो आधी उन्हाचं विचारतो आणि मग आवाज खाली आणून ट्रंकेचं. प्रत्येकाला उभ्या उभ्या सांगून माझा घसा बसला, म्हणून आता एकदाच लिहून काढते.

ट्रंक आजोबांसाठी होती. आईचे वडील. अठ्ठेचाळीस सालच्या पोलीस अ‍ॅक्शनच्या वेळी फौजेची एक तुकडी निजामाच्या हद्दीत शिरली, तिच्यात ते होते. सिंदफणा नदीला पूर आलेला, त्यात त्यांची गाडी वाहून गेली. तुकडीला पुढं जायचं होतं, ती गेली. घरी कळवलं ते एवढंच, की दोन जवान सापडले नाहीत. आई तेव्हा पोटात होती. पुढं आजीला पेन्शन सुरू झाली, पण तिनं मरेपर्यंत कुंकू पुसलं नाही. सापडले नाहीत म्हणजे मेले असं कुठं म्हटलंय, हे ती पोस्टमास्तरलासुद्धा ऐकवायची. हा हट्ट आईत जसाच्या तसा उतरलाय. तिच्या मानानं मी पुष्कळ बरी आहे, असं माझं तरी मत आहे.

आमचं गाव सातारा जिल्ह्यात, कृष्णेच्या काठी. दरवर्षी दिवाळीनंतर बीडकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या आमच्या शिवारात उतरतात. दोन वर्षांपूर्वी आमच्या उसाच्या तोडीला मीरा नावाची बाई आली होती, नवरा किसनबरोबर. आईला चहा पाजून माणसाची सगळी कुंडली काढायची सवय. तिनं मीराला गाव विचारलं, गावाला नदी कुठली ते विचारलं. मीरा म्हणाली, सिंदफणा. आणि मग आपणहून म्हणाली, "हंगामाला निघताना आमी मिल्ट्रीवाल्यांच्या दगडापुढं नारळ फोडून निघतो. मन्मथअप्पांच्या शेतात दोघं हायत. ते बी घर सोडून आल्याले, आमी बी."

आईनं कप खाली ठेवला आणि मला हाक मारली. त्या दिवसापासून तिनं मला स्वस्थ बसू दिलं नाही. परवानगीसाठी घातलेल्या खेपांचं वर्णन करून वाचकांचा जीव नकोसा करत नाही. शेवटी हातात कागद पडला तो दोन दिवसांचा. शेतमालकाची संमती, एक हवालदार आणि हाडांची जाण असलेले एक डॉक्टर, एवढं सगळं हजर असेल तर दोन दिवस खणा; नाही सापडलं तर खड्डा बुजवा आणि घरी जा. आई सत्त्याहत्तर वर्षांची. पुन्हा अशी परवानगी काढण्याइतका वेळ आपल्याकडं नाही, हे तिनंच मला शांतपणे सांगितलं.

कड्याच्या पुढं

गाडी मी चालवत होते. नगर मागं टाकून कड्याला चहासाठी थांबलो. साखर कारखान्याचं गाव, त्यामुळं चहात साखरेची काटकसर असेल अशी शंकाही नको. हॉटेलवाल्यानं, कुठं निघालात, म्हणून विचारलं आणि मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "वडलांना आणायला." तो आईच्या वयाकडं बघतच राहिला. पैसे घेताना मात्र त्यानं आईला हात जोडले.

कड्यावरून आत वळल्यावर मोबाईलमधल्या बाईनं आम्हाला एका कांद्याच्या शेतात नेऊन सोडलं. पुढं रस्ता नाही, मागं वळायला जागा नाही. कांदे भरणारी पाच-सहा माणसं धावत आली, त्यांनी गाडी अक्षरशः उचलून वळवली आणि वर पिशवीभर कांदे मागच्या सीटवर ठेवले. आई मला म्हणाली की ओळख ना पाळख, त्या बाईचं तू ऐकतेस आणि आईचं ऐकत नाहीस. यापुढं रस्ता ती विचारणार आणि मी वळणार, असं ठरलं. खरं सांगायचं तर त्यामुळंच आम्ही वेळेवर पोचलो.

हा मुलूख आमच्यापेक्षा अगदी वेगळा. उघडे डोंगर, त्यावर सीताफळाची झुडपं, मध्येच पाण्याचा टँकर आणि त्याच्यामागं हंडे घेऊन चालणारी पोरं. आमच्याकडं मे महिन्यातही पाटाला पाणी असतं आणि आम्ही तरीही कुरकुरतो. इथल्या घरांना दिवाळीपासून कुलपं होती, ती आता कुठं निघाली होती. दारोदारी चुन्याचा ताजा वास, लग्नाचे मांडव, पोरांच्या अंगावर नवे कपडे. इतकी वर्षं ही माणसं आमच्या बांधावर पालं ठोकून राहतात, आणि आमच्यातलं कुणी त्यांचं घर बघायला कधी आलं नव्हतं, हे मला त्या मांडवांमधून गाडी काढताना जाणवलं आणि लाज वाटली.

अप्पांचं घर

गावाचं नाव देत नाही. मन्मथअप्पांनी तशी गळ घातली आहे. शिरूरपासून आत, नदीच्या काठावर आहे एवढं पुरे. अप्पा लिंगायत शेतकरी, पंचाहत्तरीच्या घरातले. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग, बोलणं कमी. त्यांच्या पत्नी गंगाबाई नेमक्या उलट. आम्ही पाय धुतोय तोवर त्यांनी आमच्या घरात किती माणसं, कोण काय करतं आणि मी डोक्याला रंग का लावत नाही, एवढं विचारून घेतलं.

जेवायला ज्वारीच्या भाकरी, येसराची आमटी, शेंगदाण्याची चटणी आणि दही. येसर म्हणजे धान्य-डाळी मसाल्याबरोबर भाजून दळलेलं पीठ. ते पाण्यात कालवून उकळलं की आमटी. आमच्याकडं पाहुणा आला की मटणाचा रस्सा लागतो, त्याशिवाय पाहुणचार केला असं कुणाला वाटत नाही. आई मटणाची भोक्ती, पण तिनं त्या आमटीत दीड भाकरी कुस्करून खाल्ली. पिठाची पिशवी बरोबर मागून घेतली तेव्हा मला कुठं जाऊ असं झालं. गंगाबाई मात्र खूश होत्या.

जेवणं झाल्यावर अप्पांनी विषय काढला. संमतीच्या कागदावर त्यांनी सही केली होती, पण मन मानत नव्हतं. त्यांच्यात एकदा बांधलेली समाधी उघडत नाहीत. ती दोन माणसं पुरात त्यांच्या शेताच्या काठाला लागली, गावातलं कुणी भीतीनं हात लावेना, तेव्हा त्यांच्या आजोबांनी त्यांना आपल्या शेतात ठेवलं. तेव्हापासून त्या तुकड्यावर नांगर फिरवलेला नाही. आता आपल्या हातून ते मोडायचं, हे अप्पांना जड जात होतं.

आई त्यांच्यासमोर जाऊन बसली. "अप्पा, तुमच्या घरानं जे केलं ते माझ्या चुलत्यामालत्यांनीबी केलं न्हाई. तुमचं मी काय फेडणार? पर मी त्यांचं तोंड पाहिलं न्हाई. मला त्यांना घरी न्यायचंय."

अप्पांनी गळ्यातल्या डबीला हात लावला. मग म्हणाले, "लेकीचा हक हाय. मी आडवा येणार न्हाई. पर मी बघणार बी न्हाई."

खड्डा

सकाळी अंबाजोगाईहून डॉक्टर आले. पस्तिशीचे, मूळचे रत्नागिरीकडचे, ऊन बघूनच अर्धे झालेले. हवालदारांनी बाभळीखाली खुर्ची टाकून घेतली. किसन आणि मीरा खणायला आले होते. मजुरीचं नाव काढल्यावर मीरानं माझ्याकडं असं काही पाहिलं की तो विषय मी पुन्हा काढला नाही. अप्पाही आले, पण दूर लिंबाच्या झाडाखाली आमच्याकडं पाठ करून बसले.

नदीपासून जरा उंचावर, मुरमाड जागेवर विभूती फासलेले दोन दगड होते. समोर नारळाच्या करवंट्यांचा ढीग. आईनं दोन्ही दगडांना हात लावला आणि डॉक्टरांना म्हणाली, करा सुरू. डॉक्टरांनी प्रत्येक दगडापुढं माणसाच्या लांबीचा एक चर आखला, सुतळी बांधली. माती वरवर काढायची, मग चाळायची, असं संथ काम. किसनचा हात सराईत, पण त्याला दर वितीला थांबवावं लागे, आणि थांबणं त्याला जमत नव्हतं.

माती मऊ लागली तेव्हा डॉक्टर खूश झाले. इथं पूर्वी कुणीतरी खणलेलं आहे, म्हणाले. दुपारपर्यंत खड्डा कमरेइतका झाला. मग छातीइतका. मऊ माती संपली आणि खाली न हललेला कडक मुरूम लागला. मधे काहीही नव्हतं. हाड नाही, दात नाही, बटण नाही. चाळणीत नुसते खडे. दुसऱ्या चरातही तेच. डॉक्टर खड्ड्यात उतरून तळाला ब्रश मारत राहिले, जणू हाडं लाजून बसली आहेत आणि समजूत काढल्यावर येतील. शेवटी घाम पुसत वर आले आणि आईजवळ उकिडवे बसले. इतक्या वर्षांत जमिनीत काही राहत नाही असंही होतं, असं त्यांनी चांगल्या शब्दांत सांगितलं.

"दात तरी राहत्यात की," आई म्हणाली.

"राहतात."

"दोघांचे मिळून साठ-बासष्ट दात. सगळे कुठं गेले?"

हवालदार म्हणाले की उद्या सकाळी पंचनाम्यावर 'अवशेष मिळाले नाहीत' असं लिहून मोकळं होऊ. आई म्हणाली, परवानगी उद्या संध्याकाळपर्यंत आहे, आणि मी संध्याकाळपर्यंत इथंच आहे. मला तिचा राग आला. ऊन, धूळ, दिवसभर पोटात नीट काही नाही, आणि ही रिकाम्या खड्ड्याच्या काठावर खुर्ची टाकून बसलेली. मी तिला जरा लागेल असं बोललेसुद्धा. तिनं ऐकून घेतलं आणि मला हातपाय धुऊन यायला सांगितलं.

विहिरीपाशी

विहीर बांधाच्या पलीकडं होती. पाणी तळाला गेलेलं, पण अप्पांनी बादली ओढून दिली. तिथं शेजारीच समाध्यांचे सात-आठ ओटे बांधलेले होते, चौरंगापेक्षा थोडे मोठे, चौकोनी, प्रत्येकावर बेलाची पानं. चेहऱ्यावर पाणी मारता मारता मी सहज विचारलं की घरातली लहान मुलं का?

"माझा बाप हाय त्यो," अप्पा एका ओट्याकडं बघून म्हणाले. "सहा फुटी गडी व्हता."

"मग एवढ्याशा जागेत?"

"बसलाय न्हवं."

"बसलाय म्हणजे?"

"म्हंजी बसलाय." आता अप्पाच चक्रावले होते. "तुमच्यात काय निजवत्यात व्हय?"

आमच्यात जाळतात. पुरलेलं माणूस आम्ही पाहतो ते शहरातल्या कबरस्तानात आणि ख्रिश्चनांच्या स्मशानात, लांबच लांब. त्यामुळं थडगं म्हणजे माणूस आडवा, हे आमच्या डोक्यात इतकं पक्कं की विचारायचं सुचलंच नाही. डॉक्टरांनाही नाही. आणि अप्पांना वाटत होतं की पुरणं म्हणजे हेच, यात सांगायचं काय. दिवसभर ते पाठ फिरवून बसले होते, त्यामुळं आम्ही कुठं आणि कसं खणतोय हे त्यांनी पाहिलंच नव्हतं.

मी विचारत गेले तसं त्यांनी सांगितलं. खड्डा खणायचा तो माणसाला उतरायला. मग त्याच्या मावळतीकडच्या भिंतीत कोनाडा कोरायचा, त्यात मांडी घालून बसवायचं, तोंड उगवतीला. अंगाभोवती मीठ, विभूती, बेल. कोनाड्याच्या तोंडाला दगडी चीप लावायची आणि खड्डा मातीनं भरून टाकायचा. म्हणजे आम्ही दिवसभर उपसला तो जिना होता. माणसं भिंतीत होती, आमच्या खांद्याला खांदा लावून.

मी ओल्या हातानंच पळत गेले. डॉक्टरांनी ऐकलं, खड्ड्याकडं पाहिलं, आणि आधी हसायला लागले. आई हसली नाही. ती बांधापाशी जाऊन पलीकडच्या अप्पांना म्हणाली, "तुमच्या आज्यानं त्यांना तुमच्या माणसासारखं बसवलं?"

"लिंगाबिगर बसवता येत न्हाई," अप्पा म्हणाले. "त्यांच्यापशी व्हतं न्हाई. आज्यानं जंगमाला, आमच्या गुरूला, बोलावलं, दोघांच्या बी हातात लिंग दिलं. मंग ते आमचेच झाले."

"जात न्हाई विचारली?"

"पुरातनं आल्याल्या माणसाला काय इचारणार."

उजेड उरला नव्हता आणि अंधारात भिंत फोडायला डॉक्टर तयार नव्हते. रात्री आईनं कृष्णाकाठी माझ्या भावाला फोन लावला. घाटावर लाकडं आणून ठेवायचं ठरलं होतं, ती आणली का, एवढं विचारलं आणि मग बोलता बोलता मधेच थांबली. बघू म्हणाली आणि फोन ठेवला.

कोनाडे

सकाळी पहिल्या खड्ड्याच्या मावळतीकडच्या भिंतीला, आमच्या आखणीबाहेर राहिलेली माती किसननं हलक्या हातानं खरवडली. हाताच्या अंतरावर चीप लागली. डॉक्टरांनी ती बाजूला घेतली. आत मातीनं आणि करड्या राखेनं भरलेला कोनाडा होता, आणि दीड तास ब्रश चालवल्यावर त्यातून माणूस दिसायला लागला.

बसवलेला माणूस बसलेलाच सापडतो असं नाही, हे इथं सांगितलं पाहिजे. वरचं सगळं खाली उतरलेलं असतं. पण मांडी तशीच होती, एका नडगीवर दुसरी. डोकं त्या मांडीत येऊन राहिलेलं. डाव्या हाताच्या बोटांखाली सुपारीएवढी काळी गोटी, जंगमानं दिलेलं लिंग. मणक्यांच्या ढिगात जवानाच्या नंबराची एक धातूची चकती होती, हिरवी पडलेली. डॉक्टरांनी ती पुसली, भिंग लावलं आणि आकडे वाचायला लागले. तीन आकडे वाचून ते अडले, पुढचं झिजलेलं होतं. खड्ड्याच्या काठावरून आईनं उरलेला नंबर म्हणून दाखवला. आजीचा हात धरून ती लहानपणी पेन्शनला जायची आणि आजी खिडकीपाशी दर महिन्याला तो नंबर सांगायची. डॉक्टरांनी चकती उन्हाला धरून पुन्हा पाहिली. शेवटचा आकडा जुळतोय, म्हणाले.

मीरा रडायला लागली. मीही रडले. हवालदार खुर्चीतून उठून उभे राहिले, आणि त्यांनी टोपी नीट करून सॅल्यूट केला.

दुसऱ्या कोनाड्यातल्या जवानाची चकती पार विरून गेली होती, हातात घेतली तर भुगा झाला. त्याच्याही बोटांखाली तशीच काळी गोटी होती. डॉक्टरांनी त्याचा एक दात घेतला, आजोबांचाही घेतला, तपासणीसाठी. आईनं दुसऱ्याच्या कोनाड्याला लगेच चीप लावून घेतली. "त्याचंबी कुणीतरी असंल. येईल ते," म्हणाली, "तोवर त्याला उघडा नका ठिवू."

मग डॉक्टर आजोबांकडं वळले. ट्रंक उघडून काठावर ठेवली होती, आत पांढरं कापड अंथरलेलं. तेवढ्यात लिंबाखालून अप्पांचा आवाज आला. ते अजून आमच्याकडं पाठ करूनच बसले होते.

"नेऊन जाळणार का त्यांस्नी?"

सगळं ठरलेलं होतं. घाट, लाकडं, भटजी. नातेवाईक मुंबईहून निघालेही होते. मी आईकडं पाहिलं. ती त्या मांडीकडं बघत होती.

"न्हाई," आई म्हणाली. "तुमी बसवलंय तसंच बसवीन. आमच्या मळ्यात. लिंगासकट."

"भिंतीत?"

"भिंतीत. तोंड उगवतीला. तुमी या आन् दाखवा आमच्या लोकांना, त्यांना येणार न्हाई."

अप्पा उठले. दोन दिवसांत पहिल्यांदा ते खड्ड्याकडं वळले आणि चालत काठापर्यंत आले. डॉक्टरांनी कवटीकडं हात नेला होता, त्यांना त्यांनी थांबवलं. आईला खाली उतरायचं होतं आणि तिचे गुडघे तिला उतरू देत नव्हते. किसननं कडेला कोरलेल्या पायऱ्यांवर अप्पांनी आधी स्वतः पाय टाकला आणि तिला दंडाला धरून पायरी पायरीनं खाली घेतलं. दोघं म्हातारी माणसं कोनाड्यासमोर उभी राहिली, दाटीवाटीनं. अप्पांनी खिशातली विभूती चिमटीत घेतली, आपल्या कपाळाला लावली, मग वाकून आजोबांच्या कपाळाला लावली.

"पाव्हणं," ते म्हणाले, रोजच्या बोलण्याच्या आवाजात, "लेक आलीया न्यायला. लई दिस बसलात आमच्याकडं. उठा आता."

आई खाली बसली, मांडी घालून, आणि तिनं पदर पसरला.